पाहण्यासारखे

"तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?" आपण पाहुणे म्हणून कुठे गेलो की हा प्रश्न विचारतो, आणि आपल्याकडे पाहुणा आला की तो आपल्याला विचारतो. प्रश्न साधा आहे. पण उत्तर देणारा मनातल्या मनात आपल्या गावाचे दोन भाग करतो. एक दाखवायचा, एक न दाखवायचा. किल्ला, तळे, मशीद, देऊळ पहिल्या भागात जातात. आपले घर, आपली गल्ली, आपली माणसे दुसऱ्या भागात राहतात. ही वाटणी कोणी केली? कोणत्या अधिकाराने केली? आणि पहिल्या भागात जिवंत माणसेच पडली तर त्यांनी काय करावे? असा विचार फारसा कोणी करीत नाही. मीही कदाचित केला नसता. पण मी शाळेत शिकवते, आणि मुलांना घेऊन शहर पाहायला निघाले की मोठ्यांनी सोडून दिलेल्या गोष्टी पुन्हा हातात घ्याव्या लागतात.

मुंबईत अर्ध्या दिवसाची जी बससहल असते तिला सगळे 'मुंबई दर्शन' म्हणतात. शब्द मोठा आहे. दर्शन देवाचे घेतात. श्रद्धाळू हिंदू माणसाला विचाराल तर तो सांगेल की दर्शन दोन्हीकडून असते, भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला. आपल्याकडे दर्ग्यावर जाण्याला जियारत म्हणतात. जियारत म्हणजे भेट, आणि भेटीलाही दोन बाजू असतात. तिसरा शब्द तमाशा. मराठीत तो लोकनाट्याचा प्रकार झाला. उर्दूत तमाशा म्हणजे दुरून पाहायची गंमत, आणि ती पाहणारा तमाशाई. पण या शब्दाचे मूळ अरबीत आहे आणि तिथे त्याचा संबंध बरोबर चालण्याशी आहे. फारसीत आल्यावर फिरायला जाणे, फिरता फिरता पाहणे असा अर्थ झाला. पुढे चालणे गळाले आणि नुसते पाहणे उरले. मी उर्दू शिकवते, त्यामुळे शब्दांची अशी चौकशी करायची मला खोड आहे. वाचकांनी माफ करावे.

गेल्या जानेवारीत आमच्या आठवीच्या 46 मुलामुलींची अशी सहल निघाली. शाळा मध्य मुंबईत आहे, माध्यम उर्दू. मुले नळबाजारापासून लालबाग-परळपर्यंतची. बहुतेकांनी गेटवे पाहिला होता, पण बसमध्ये माइक हातात घेऊन कोणी शहर सांगतो आहे हा अनुभव नवा होता. गाइड पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. मुलांशी हिंदीत बोलत. मी त्यांच्याशी मराठीत बोलले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले. कोकणी मुसलमानाला हे आश्चर्य जन्मभर पुरते.

गेटवेसमोर त्यांनी नेहमीची माहिती दिली. 1911 साली राजा पंचम जॉर्ज इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती पुरी होऊन 1924 साली खुली झाली. वास्तुकार जॉर्ज विटेट. 1948 च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. मुलांना ही शेवटची गोष्ट फार आवडली. मग ते म्हणाले, ही इमारत 'इंडो-सारासेनिक' शैलीची आहे. एका मुलाने विचारले, सारासेनिक म्हणजे काय? गाइडनी सांगितले, एक जुनी शैली. खरे म्हणजे 'सारासेन' हे युरोपातल्या लोकांनी मध्ययुगात अरबांना आणि पुढे सगळ्याच मुसलमानांना दिलेले नाव. विटेटने गुजरातेतल्या सोळाव्या शतकातल्या मुसलमानी इमारतींचे वळण घेतले. जवळच्या वस्तुसंग्रहालयाचा घुमट त्याने विजापूरच्या गोलघुमटावरून बेतला. हे मी मुलांना समजावून सांगितले तेव्हा तो मुलगा म्हणाला, "मतलब टीचर, हमारा?" मी म्हटले, आपलेही. दगड फोडणारे, चुना मळणारे, पैसे देणारे, अशा पुष्कळांचे. पण त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला समजत होता. ज्या शहरात आपल्याला घर भाड्याने मिळताना नाव सांगितल्यावर समोरचा माणूस थांबतो, त्या शहराच्या दारावरच आपली खूण आहे. ती अशा नावाने लिहिली आहे की आपल्यालाच वाचता येऊ नये.

मणिभवनापाशी मात्र मी अडले. गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवरचे हे घर पाहण्यासारखे आहेच, त्याबद्दल वाद नाही. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. त्यांची खोली, चरखा, ग्रंथालय सगळे जपून ठेवले आहे. मुले दबक्या आवाजात बोलत जिने चढली. पण नेमक्या त्याच वर्षांत, इथून सहा-सात किलोमीटरवर, परळच्या बीआयटी चाळीत दुसरा एक मोठा माणूस राहत होता. 1896 च्या प्लेगनंतर इंग्रज सरकारने शहर सुधारण्यासाठी जो ट्रस्ट काढला त्याने बांधलेल्या त्या चाळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून सुमारे 22 वर्षे तिथल्या छोट्या खोल्यांत राहिले. 14 ऑगस्ट 1931 रोजी गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट याच मणिभवनात झाली, आणि ती भेट गोड झाली नाही. इतिहासात तिचे महत्त्व मोठे आहे. भेटीला एक घर पुरत नाही, कोणीतरी दुसऱ्या घरातून निघून आलेला असतो. सहलीची बस त्यातले एकच घर दाखवते. दुसऱ्या घराच्या जवळून ती परतताना जाते, पण तेव्हा एक वाजलेला असतो आणि माइक बंद असतो.

मी हे गाइडना म्हटले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "मॅडम, आम्ही यादी बनवत नाही. यादी आमच्या हातात येते." मग थोड्या वेळाने, गिरगाव चौपाटी मागे पडल्यावर, माइक न घेता म्हणाले, "मी इथलाच. ठाकूरद्वारला आमची चाळ होती. आता विरारहून येतो. मेट्रोच्या कामात आमच्या बाजूच्या चाळी गेल्या, आमची त्याआधीच बिल्डरने पाडली. माझ्या घराची जागा रोज गाडीतून दिसते. ती कोण बघायला येणार?" सबंध सहलीत त्यांनी स्वतःबद्दल सांगितले ते एवढेच, आणि माझ्या मते त्या दिवशी ऐकलेले सर्वांत खरे वाक्य तेच होते.

मलबार हिलच्या बागांत मुलांना मोकळे सोडले. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट पाहण्यात आठवीची मुले वय विसरली. बूट एका इंग्रजी बालगीतावरून घेतलेला आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यानात, झुडपे कापून केलेले हत्ती-घोडे आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपण एका मोठ्या जलाशयाच्या छपरावर उभे आहोत हे लक्षात येत नाही. बाग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या जलाशयावर केली. दक्षिण मुंबईच्या बऱ्याच भागाला पाणी इथून जाते. 2023 साली हा जलाशय नव्याने बांधण्याचा आणि त्यासाठी झाडे तोडण्याचा बेत पुढे आला तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी असा विरोध केला की तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. मला त्या रहिवाशांचे कौतुक वाटते. झाडे वाचावीत हे चांगलेच. फक्त एक विचार मनात येतो की आपल्या दारासमोर काय व्हावे याबद्दल बोलले तर ऐकले जाते, ही खात्री या टेकडीवर आहे तशी खाली नाही.

बागेच्या पलीकडे दाट झाडी आहे. मुलांनी विचारले, तिकडे काय? गाइड म्हणाले, तिकडे डुंगरवाडी. पारशी लोकांचे दख्मे. ते पाहता येत नाही. मग त्यांनी बागेखालचे पाणी गिधाडांपासून वाचवण्यासाठी झाकले अशी एक नेहमीची गोष्ट सांगितली. तिच्यात किती तथ्य आहे ते असो. गिधाडे आता उरलेली नाहीत हे मात्र सत्य आहे. गुराढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक नावाच्या वेदनाशामक औषधाने देशभरातली गिधाडे मेली आणि 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. तोवर फार उशीर झाला होता. हजारो वर्षांची एक अंत्यविधीची पद्धत एका इंजेक्शनमुळे अडचणीत आली. पण मला सांगायचे आहे ते वेगळे. दख्म्याच्या आत मृताचे नातेवाईकसुद्धा जात नाहीत, फक्त खांदेकरी जातात. 2006 साली आतली छायाचित्रे बाहेर आली तेव्हा पारशी समाजात मोठी खळबळ उडाली होती. आमच्या मुलांनी मात्र एकदाही हट्ट धरला नाही. 'पाहता येत नाही' एवढे ऐकून ती गप्प झाली. मृताला कोणी टक लावून पाहू नये ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

उतरताना आणखी एक गोष्ट घडली, किंवा घडली नाही. मलबार हिलवर बॅरिस्टर जिना यांचा बंगला आहे, 1930 च्या दशकात बांधलेला. सप्टेंबर 1944 मध्ये गांधी-जिना बोलणी तिथेच झाली. गाइडनी त्याचा उल्लेख केला नाही. मी नंतर सहज विचारले. ते थोडे ओशाळले. "एरवी सांगतो," म्हणाले, "आज म्हटलं मुलांच्या मनाला लागायला नको." माणूस भला होता, हेतू चांगला होता. तरी मला वाटले की त्यांनी 46 मुलांकडे पाहिले आणि त्यांना त्या बंगल्याचे नातेवाईक ठरवले. आमच्या मुलांच्या पणज्या-पणजोबांनी त्या बंगल्याकडे पाठ फिरवून इथेच राहायचे ठरवले होते, म्हणून तर ती मुले त्या बसमध्ये बसली होती. हे त्यांना कोण सांगणार? उलट हाजीअलीचा दर्गा दिसू लागताच त्यांनी माइक माझ्या हातात दिला. "आता इथलं तुम्हीच सांगा." मी तो एका मुलाला दिला, कारण त्याचे वडील तिथे फुले विकतात. त्याने भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या, कोणत्या वाराला किती फुले लागतात ते सांगितले. पंधराव्या शतकाचा उल्लेखही केला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता महालक्ष्मीचा धोबीघाट. स्टेशनजवळच्या पुलावर बस थांबते. खाली सिमेंटच्या हौदांच्या रांगा, प्रत्येकात कपडे आपटायचा दगड, वर दोऱ्यांवर वाळणारे शेकडो कपडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून हे काम इथे चालते. पुलाच्या कठड्याशी परदेशी पाहुण्यांचे दोन-तीन गट उभे होते. मोबाइल, कॅमेरे. खाली माणसे उघड्या अंगाने, गुडघाभर पाण्यात. आमच्या वर्गातली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, इन को मालूम है क्या, हम देख रहे?" मी गाइडकडे पाहिले. ते म्हणाले, "मालूम है बेटा. आदत हो गई है उन को."

मुलीचे समाधान झाले नाही. माझेही नाही. सवय होणे आणि चालणे या दोन गोष्टी एक आहेत का? रोज कोणी आपल्या खिडकीतून आत पाहू लागले तर महिन्याभराने आपल्यालाही सवय होते. आपण पडदा लावतो, पाठ करून बसतो, आणि पाहणारा म्हणतो, यांची काही तक्रार दिसत नाही. धोबीघाटाला पडदा नाही. डुंगरवाडीला झाडी आहे, भिंत आहे, शिवाय एक सुशिक्षित, संघटित समाज मागे उभा आहे. अल्टामाउंट रोडवरच्या त्या 27 मजली घरापाशीही बसचा वेग कमी होतो, पण तिथे दिसते ती भिंत. आतला माणूस दिसत नाही. या शहरात आपल्याला कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये हे ठरवण्याचा हक्क जमिनीच्या भावाप्रमाणे वाटला गेला आहे. जितके खाली उतरावे तितका तो कमी होतो, आणि पुलाखाली तो संपतो.

शाळेत मी हे बोलले तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आलेले नाही, म्हणून ते इथे नोंदवते. ते म्हणाले, "बाजी, तुम्ही पाहण्याला गुन्हा ठरवता आहात. लोक पाहतात म्हणून तो घाट टिकून आहे. एवढी मोक्याची जागा, कोणी पाहत नसते तर कधीच टॉवर उभा राहिला असता. न पाहिलेल्या माणसाचे काय होते ते लालबागला जाऊन बघा."

लालबागचे ते बोलले ते मला झोंबले, कारण ते माझ्या घरचे आहे. माझे आजोबा खेड तालुक्यातून मुंबईत आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले, म्हणजे मागावर. गिरणगाव कोणत्याही सहलीच्या यादीत कधी नव्हते. 1850 च्या दशकात ताडदेवला पहिली गिरणी निघाली तेव्हापासून या शहराची कमाई जिथे झाली ती जागा कोणाला पाहण्यासारखी वाटली नाही. भोंग्यावर उठणारी, पाळीने झोपणारी, एका खोलीत गावकऱ्यांसह राहणारी लाखो माणसे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो संपल्याचे कधी जाहीरच झाले नाही. आजोबा गावी परतले. 1991 च्या आणि 2001 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या. चिमण्या पडल्या, मॉल आले. हे सगळे भर दिवसा, रस्त्याच्या कडेला झाले आणि कोणाला दिसले नाही. सरांचे म्हणणे असे की घाटाकडे जसे पाहतात तसे गिरणगावाकडे कोणी पाहिले असते तर बरे झाले असते.

पण गिरणीच्या आतही पाहण्याचे प्रश्न होतेच. साचेखात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत, इतरांना त्यांचा उष्टा धोटा चालत नसे. पगार त्याच खात्यात जास्त होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. मुसलमान विणकरांना मात्र तिथे जागा होती. आजोबांनी मला मागाचा आवाज तोंडाने करून दाखवला होता, धोटा कसा पळतो ते सांगितले होते. हे कधी सांगितले नाही. मी ते पुस्तकात वाचले. त्यांच्या वेळेपर्यंत ही प्रथा त्या खात्यात उरली होती की नव्हती हे विचारायला आता ते नाहीत. आपण पाहिले गेलो नाही अशी तक्रार करताना आपण कोणाला पाहिले नाही, हा हिशेबही मांडावा लागतो.

मराठी शाहिरांना हा सगळा वाद फार आधी कळला होता. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी रचली, तिच्यात शहराची श्रीमंती, झगमगाट, नवलाई आहे. त्यांची लावणी हीच त्या काळची दर्शनाची बस. मग अण्णाभाऊ साठ्यांनी त्याच नावाची दुसरी लावणी लिहिली आणि टेकडीवरच्या वस्तीशेजारी खालची वस्ती उभी केली. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले, चिरागनगरच्या झोपडीत राहिलेले. त्यांच्या सोबतीला कलापथकात शाहीर अमर शेख होते, बार्शीचे, मूळ नाव महेबूब. माझ्या मुलांना मी सांगते की संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत हजारो लोकांना ज्या आवाजाने उभे केले तो आवाज आपल्यातल्याच एकाचा होता. अण्णाभाऊ आणि अमर शेख यांनी दाखवलेले शहर दुरून पाहिलेले नव्हते. तमाशाचा जुना अर्थ त्यांनी ठेवला, ते बरोबर चालले.

आता आपल्याकडे येते. वाचकांपैकी ज्यांचे कोणी मोहम्मद अली रोडवर राहते त्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळ खाण्याच्या सहली येतात. मालपोवा, फिरनी, नल्ली निहारी. गर्दी होते, फोटो निघतात, दुकानदारांची कमाई होते. मला त्यात वाईट काही दिसत नाही, उलट लोक येतात याचा आनंदच आहे. पण वर्षातले अकरा महिने आम्ही काय करतो याची चौकशी करायला कोणी येत नाही, तेव्हा वाटते की आम्ही फक्त तळत आणि खात असतो असा त्यांचा समज झाला असेल. आणि त्याच रस्त्यावरून 2002 साली जे. जे. उड्डाणपूल गेला. माझी खाला तिथे दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी पुलाच्या कठड्याच्या पातळीवर आली. मी तेव्हा लहान होते. पूल सुरू झाला त्या रात्री गाड्यांचे दिवे भिंतीवरून सरकत होते आणि आम्हा मुलांना गंमत वाटत होती. खालाने दुसऱ्या दिवशी जाड पडदा शिवला. ती खिडकी अजून बंद आहे. परळ-लालबागचा पूल 2011 साली झाला तेव्हा तिथल्या चाळींतल्या बायकांनीही असेच पडदे शिवले असतील, मराठी बोलणाऱ्या, टिकली लावणाऱ्या बायकांनी. शहर आता वरून जाते. थांबत नाही, पण जाता जाता घरात डोकावते.

आपल्याकडे नजर खाली ठेवण्याची गोष्ट निघाली की ती बहुधा बायकांच्या चालण्या-बोलण्यापाशी येऊन थांबते. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. पण सूरह नूर अर्थासह वाचणाऱ्या कोणालाही दिसेल की तिथे आधी दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून आणि सलामावाचून न जाण्याची गोष्ट येते, मग नजरेची, आणि नजरेची ताकीद आधी पुरुषांना आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन गोष्टी शेजारी येण्याला अर्थ आहे. नजर हेदेखील आत शिरणेच आहे. आणि त्याच कुरआनात जमिनीवर फिरून, आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहण्याबद्दल पुन्हा पुन्हा सांगितले आहे. म्हणजे पाहू नका असे कुठेच नाही. पाहा, पण दार वाजवून. धोबीघाटावरही खाली उतरून, सलाम करून, तिथल्याच माणसाला सोबत घेऊन फिरता येते. धारावीत काही सहली फोटो काढायला साफ मनाई करतात, आणि त्या सहली बंद पडल्या नाहीत. गणिताच्या सरांना मी एवढेच म्हटले की पाहणे वाचवते हे मला मान्य आहे, पण पुलावरून पाहणाऱ्याने घाट वाचवला की खाली उतरलेल्याने, हे आपण दोघांनी मिळून एकदा मोजू या. ते हसले. गणिताच्या माणसाला मोजायचे म्हटले की बरे वाटते.

सहलीनंतरच्या आठवड्यात मी वर्गाला काम दिले. तुमची अर्ध्या दिवसाची सहल तयार करा. पाहुणा तुमच्या मोहल्ल्यात आला, त्याला काय दाखवाल? चाळीसेक जागा निघाल्या. त्यातून वर्गाने बारा निवडल्या. लालबागचा मसाल्याचा बाजार आणि चिवडा गल्ली. चिंचपोकळीचा पूल, कारण तिथून गाड्या दिसतात. दादरचा फुलबाजार पहाटे पाच वाजता. भायखळ्याची राणीबाग, 1862 ची, जिथे आता काळा घोडाही उभा आहे. लालबागमध्ये बाग कुठे आहे, असे एकाने विचारले आणि कोणालाच सांगता आले नाही. परळचे केईएम रुग्णालय, 1926 चे, कारण वर्गातल्या अकराजणांचा जन्म तिथला. बीआयटी चाळ मी सुचवली, मुलांनी मान्य केली.

आठव्या क्रमांकावर एका मुलाने लिहिले होते, टाटा रुग्णालयाबाहेरचा फूटपाथ. 1941 साली उघडलेल्या या कर्करोगाच्या रुग्णालयात देशभरातून माणसे येतात, आणि ज्यांना राहायला जागा मिळत नाही ती बाहेर बिऱ्हाड करतात. मुले रोज त्या बाजूने येतात. धोबीघाटावर प्रश्न विचारणारी मुलगी उठून म्हणाली, हे लिहायचे नाही, बीमार लोगों को क्या देखने का? मुलगा म्हणाला, न लिहिले तर कोणाला कळणार? वर्गात दोन बाजू पडल्या. मी आजाऱ्याच्या भेटीला उर्दूत इयादत म्हणतात, त्या शब्दाची आठवण करून दिली. पण शब्दाने भांडण मिटले नाही. मतदान घेऊ म्हटले तर मुलेच नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालेगावकडची एक मुलगी सांगत आली की तिची नानी नानाच्या उपचारासाठी आली होती तेव्हा तीन आठवडे त्याच फूटपाथवर राहिली होती. घरात हे कोणी बोलत नसे. मुलीने रात्री वर्गातले भांडण सांगितले तेव्हा नानीने विचारले, यादी कशाची आहे? मग म्हणाली, लिहा. पण बघायला या असे लिहू नका, पाण्याची बाटली घेऊन या असे लिहा. आणि दुपारी या, दुपारी तिथे फार ऊन असते.

मुलांनी ती ओळ तशी बदलून घेतली. यादी वर्गाच्या भिंतीवर आहे.